झांजिबारच्या मास्तरांचा कायमचा मुक्काम

२ फेब्रुवारी १९३१. सायंकाळी.
मांडवी बंदरात उतरलो. पडावातून उतरताना पाय घसरला, पण हॅट भिजली नाही. बाकी सर्व भिजले.
पाच वर्षांनी घर. सौ. दारात आली. तिचा पहिला शब्द, "आलात? रजा किती?" आईनेही तेच विचारले. धाकटा भाऊ सदू, तोही तेच. वाटेत वाडीतली माणसे भेटली, त्यांनी तर "कवा आलाव" विचारायच्या आधी "परत कवा" विचारले. माझा एकेक दिवस यांना मोलाचा वाटतो. गहिवरून आले.
आता गुपित. मी परत जाणार नाही. झांजिबारच्या शाळेत पाच वर्षे आपल्याकडच्या पोरांना भूगोल शिकवला. पोरे सगळी गुजराती. संध्याकाळी समुद्रावर बसतो, तिकडे माझ्याशी मराठी बोलायला कुणी नाही. मग मीच माझ्याशी बोलतो, आणि हल्ली मीच मला उत्तर देत नाही. बस झाले ते. पण हे आत्ताच सांगायचे नाही. मेअखेर पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या सुमारास एकदम जाहीर करायचे. सौ. आनंदाने वेडी होईल.

५ फेब्रुवारी.
घरात शिस्त म्हणून नाही. कर्ता पुरुष परदेशी असला की असेच व्हायचे. (सदू आहे, पण सदूला कोण विचारतो.) टाइमटेबल आखले. पहाटे पाचला उठणे, सव्वापाचला म्हैस, सहाला समुद्रस्नान. माझी शाळेची घंटा बरोबर आणली आहे, ती वाजवून सर्वांना उठवले.
म्हशीने पान्हा चोरला. आई म्हणते घंटेमुळे. जनावराला वळण लागायला आठवडा तरी लागायचाच.

१२ फेब्रुवारी.
म्हशीला अजून वळण नाही. समुद्रस्नान उद्यापासून, आज गार वारा होता.
घंटा हरवली. घरातले सगळे शोधत आहेत. सौ. तर सर्वांत जास्त शोधते आहे, बसल्याबसल्या.

१६ फेब्रुवारी.
झांजिबारात वाटेत कुणी भेटले की "जांबो" म्हणतात. म्हणजे नमस्कार. किती सुटसुटीत! आपली माणसे एकमेकांना पाहून नुसती खाकरतात. ही चाल वाडीत सुरू करायचे ठरवले. खाणीवरचा महिपत बैलगाडी घेऊन चालला होता. हात उंच करून मोठ्याने म्हणालो, "जांबो!" त्याने गाडी थांबवून विचारले, "कितके?" मी म्हटले, "पुष्कळ!" प्रेम का कुठे मोजून करायचे असते? तो फार खूश दिसला.

१८ फेब्रुवारी.
दारात जांभ्याचे चिरे. एक गाडी उतरली, दुसरी वाटेवर आहे. महिपत देवाची शपथ घेऊन सांगतो की मास्तरांनी स्वतः हात वर करून "जांभो" मागितला आणि "पुष्कळ" म्हणाले. परत न्यायला तयार नाही. मी त्याला उच्चारातला फरक समजावून सांगितला, त्याने बैल सोडून विडी पेटवली.
सौ.ने चिऱ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा चिऱ्यांकडे.
समाजसुधारणा एकट्याने होत नाही. घरच्यांची साथ लागते. ती नाही.

२४ फेब्रुवारी.
आज मोठे काम हातावेगळे केले. परसात हापूसचे एक कलम आहे. मी गेलो त्या वर्षी सौ.ने लावलेले. दर उन्हाळ्यात कमरेवर घागरी वाहून तिने ते जगवले म्हणे, आणि यंदा पहिल्यांदाच धरले आहे. पाहतो तर नुसती गर्दी. मोहोर काय, वाटाण्याएवढ्या कैऱ्या काय! झांजिबारात लवंगेच्या झाडांची निगा कशी राखतात ते मी पाहिले आहे. (लांबून. पण पाहिले आहे.) सौ. माहेरी गेली होती, तेव्हा तिला सरप्राइज म्हणून कोयता घेऊन झाड मोकळे केले. आता वारा चांगला खेळतो.

२५ फेब्रुवारी.
सौ. आली. कलमाखाली उभी राहिली आणि रडली. नवऱ्याने आपण होऊन तिच्या झाडाला हात लावला, मन भरून यायचेच. म्हटले, आभार मानायची काही गरज नाही. तेव्हा ती जास्तच रडली.
सदूने कोयता धार लावायला म्हणून नेला. अजून धार लागते आहे.

३ मार्च.
भिकाजीकडे गेलो. माझा बालमित्र, आता गावातल्या नव्या इंग्रजी शाळेच्या कमिटीवर आहे. जूनपासून हेडमास्तरची जागा भरायची आहे हे मला ठाऊक होते. सहज विषय काढला. म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस आम्हाला कुठला मिळायला!"
म्हणजे जागा पक्की. परतताना सबंध वाट शीळ घातली. मनातल्या मनात राजीनामाही लिहून काढला, इंग्रजीतून. फार बाणेदार उतरला आहे.

११ मार्च.
माशाची आमटी मी केली. लवंगा घातल्या, झांजिबारी हाताने, म्हणजे सढळ. आईची जीभ संध्याकाळपर्यंत बधिर होती. ती बोलू शकत नव्हती. सौ. म्हणाली, घर किती शांत वाटते. कौतुक करायची तिची ही पद्धत.
समुद्रस्नान सोमवारपासून.

२६ मार्च.
दुपारी बुलबुलतरंग वाजवला. झांजिबारात हाच माझा सोबती. शेजारच्या मुसा तांडेलांनी निरोप पाठवला की घरात कुणी आजारी असेल तर त्यांच्याकडे औषध आहे. माणूस दर्यावर्दी, संगीताचा कान नाही. पण आमच्या घरात तरी कान आहेत का? मी पडवीत तारा जुळवायला बसलो की सर्वांना शेतावर कामे आठवतात. आईलासुद्धा. आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तरी ती जाते.

१० एप्रिल.
घात झाला! हेडमास्तरची जागा भिकाजीच्या जावयाला. जावई बत्तीस वर्षांचा, तोंडात तंबाखू, समुद्र ओलांडलेला नाही. भिकाजीला गाठले. लाजला तरी? नाही. म्हणे, "तुझ्यासारख्याला या खेड्यात कुजवणे म्हणजे पाप. तू तिकडेच शोभतोस." लहानपणी याला गणिताच्या परीक्षेत मी उत्तरे दाखवली होती. (ती चुकली, हा भाग वेगळा.)
केसाने गळा कापला. आता माणसांवर विश्वास ठेवणे बंद. फक्त घरच्या माणसांवर ठेवायचा.

२० एप्रिल.
नोकरी हवी कुणाला? पडवीत स्वतःचा क्लास काढणार. इंग्रजी, भूगोल, शिष्टाचार. वाडीभर फिरून सांगितले. सोनूबाईच्या दारात तिची चार पोरे खेळत होती, मला पाहताच करवंदीच्या जाळीत शिरली. लाजाळू आहेत. लाज मोडणे हाच पहिला धडा.

२७ एप्रिल.
क्लास सुरू. कुणी आले नाही. वेळेवर बंद केला.

८ मे.
सौ. पहाटेपासून माझ्या बांधाबांधीला लागली आहे. आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ, तळलेले गरे. दोन वर्षे पुरेल एवढे. कामाला कसा हुरूप चढला आहे तिला! चक्क ओव्या गुणगुणत होती. पाच वर्षांत तिचा आवाज गोड झाला की आधीपासूनच होता, आठवत नाही. बिचारीला ठाऊक नाही, हे सगळे आपण घरीच बसून खाणार.
सदूने न विचारता शेवटच्या बोटीचे तिकीट काढून ठेवले. मी सुचवले की चुकून बोट चुकली तर? म्हणाला, कोल्हापूरवरून मोटारीने जाऊनही पुढची झांजिबारची आगबोट गाठता येते, तेही विचारून ठेवले आहे. केवढी काळजी! फुकट जाणार.

१४ मे.
परवा सौ. लवू गुरवाकडे जाऊन आली, एकटीच. परमुलखी निघालेल्या माणसासाठी आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालतात. गुरव देवापुढे एकेक मागणे मोठ्याने मागतो, आणि जमलेली मंडळी दर मागण्याला "व्हय महाराजा" म्हणतात. एकदा व्हय म्हटले की तो शब्द देवाच्या दारातला. मागे घ्यायची सोय नाही.
काय मागायला सांगितलेस, म्हणून सौ.ला विचारले. लाजून आत गेली. मी ओळखले. "यांना इथेच ठेव," दुसरे काय मागणार? माझ्या तोंडावर म्हणायचा संकोच, म्हणून गुरवाच्या तोंडून. इतकी वर्षे मी या बाईला ओळखलेच नाही.
ठरले. देवळातच जाहीर करायचे. गाऱ्हाणे संपताच पुढे होऊन म्हणायचे, "मंडळी, देवाने ऐकले!" भाषण तयार करतो आहे.

१८ मे. दुपारी.
घडले तसे लिहितो.
सगळी वाडी आली होती. भिकाजीसुद्धा. मी हॅट काढून डोळे मिटून उभा होतो, भाषणाचा शेवट मनात घोळवीत. शेवट जमत नव्हता. लवूने सुरू केले, "बा देवा महाराजा! आज जी काय तुजी लेकरं तुज्या दारात उभी रवली हायत, त्यांची राखन कर, रे महाराजा!" व्हय महाराजा! "मास्तर दर्यापार जातायत, त्यांची बोट सुखरूप पोचव, रे महाराजा!" व्हय महाराजा! लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडते. "जशी ही पाच वर्सं त्यांना तकडं सुखात ठेवलास, नि हकडं घर सुखात ठेवलास, तशीच फुडली धा वर्सं ठेव, रे महाराजा!"
व्हय महाराजा!
लवूने कधी नव्हे ते वळून माझ्याकडे पाहिले. तेव्हा कुठे ते मागणे माझ्या कानातून आत उतरले. मी डोळे उघडले. आई हात जोडून उभी, चेहऱ्यावर समाधान. सदू नारळ फोडायला पुढे झाला. सौ.चे डोळे मिटलेलेच होते, आणि ओठ अजून हलत होते. व्हय महाराजा. व्हय महाराजा.
भाषण केले नाही.

१८ मे. सायंकाळी.
सौ.ला स्पष्टच विचारले. दहा वर्षे? कुणी सांगितले दहा? म्हणाली, मी पाच सांगितली होती, सासूबाईंनी दहा केली.
मग ती माझ्यासमोर बसली. लग्न झाल्यापासून अशी समोर बसून बोलली नव्हती. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागले. म्हणाली, तुम्ही तिकडे असता तेव्हा मी तुमची वाट बघते. सणाला गोड केले की तुमची आठवण काढते. बायकांत बसले की माझे मास्तर असे, माझे मास्तर तसे, सांगताना मला थकवा येत नाही. तुम्ही इथे आलात की यातले काहीच करता येत नाही.
आणि परसातल्या झाडाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मीच वाट पाहत होतो की बोलेल.
मी तिला सांगितले नाही की मी राहणार होतो. आता सांगून काय उपयोग? मला फार वाईट वाटते आहे. भिकाजीने दगा दिला तेव्हा निदान शिव्या तरी देता आल्या. इथे कुणाला देऊ?

१९ मे. सकाळी.
अजून एक मार्ग आहे. गाऱ्हाण्यात माझ्या तोंडून गेलेले व्हय हे अनवधानाने गेलेले आहे. मुद्दा बिनतोड. नव्याने गाऱ्हाणे घालून पहिले रद्द करता येईल. लवू गुरवाकडे निघतो.

१९ मे. दुपारी.
लवूने सगळे ऐकून घेतले. पानाला चुना लावला. म्हणाला, "बाकीच्यांचा काय, मास्तर, कोन बोल्ला, कोन नाय बोल्ला, देव बगून घेता. पन तुमचा? सगळ्यांत मोट्यान तुमीच बोल्लाव. पार बंदरापातूर ऐकू गेला."
बोट परवा.