उधव्याच्या खळ्यातली जीप

आशागड,
जानेवारी २०१९

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही, समोरासमोर भांडता येत होतं. आता फोटोपुढे उभी राहून किती बोलणार? त्याला हार घातलेला, तो नुसता हसतो. आणि आज मला हसणारं कुणी समोर नकोय.

आज सकाळी तुमची जीप चालू झाली. चावीवर! उधव्याला, भाऊजींच्या घरापुढच्या खळ्यात, सपाट जागेवर, हुडहुडी भरेल अशा गारठ्यात, कुणी मागून हात न लावता. तेव्हापासून मी जी भडकलेय, ती घरी येऊन, आंघोळ करून, जेवूनसुद्धा शांत झालेली नाही.

आधी तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुमच्या दहाव्याला तुमचे धाकटे बंधू, आपले रमेश भाऊजी, चार माणसांत म्हणाले, "वहिनीने पहिल्याच धक्क्याला क्लच सोडला असता, तर दादाला जीप परत ढकलावी लागली नसती." हळू म्हणाले, पण मला ऐकू येईल एवढंच हळू. पुढे सगळ्या भावकीत तेच. वाणगावच्या बाजारात तुमची मावसबहीण भेटली, तिनेसुद्धा विचारलं, तुला गाडी नीट येत होती ना गं? मी भाजी न घेताच परतले.

दोन वर्षं, अहो! दोन वर्षं मी अंथरुणात पडल्या पडल्या ती गाडी चालवलीय. दुसरा गियर, डावा पाय क्लचवर, मागून तुमचा आवाज, "सोड!" मी सोडला. सोडला ना? की घाबरून जरा थांबले? इतक्या लोकांनी सांगितल्यावर माणसाला आपल्याच पायाची खात्री राहत नाही.

आणि मला त्या सीटवर बसवलं कुणी? तुम्ही! डॉक्टरांनी त्याआधीच्या पावसाळ्यात तुमचं हृदय तपासून बजावलं होतं, जड काम करायचं नाही, जिनासुद्धा हळू चढायचा. मी म्हटलं, तुम्ही आत बसा, मी आणि मंदा ढकलतो. मंदा म्हणजे भाऊजींची बायको, तिचे दंड तुमच्यापेक्षा मजबूत. तर म्हणे, बायकांनी ढकलायचं आणि मी आत बसायचं? लोक काय म्हणतील? लोक काय म्हणाले ते वर लिहिलंच आहे. तुम्हाला नाही म्हणाले, मला म्हणाले.

एरवी तुम्ही जीप उतारावर लावायचात. त्या दिवशी उतारावर पेंढ्याची उडवी रचली होती, म्हणून ती खळ्यात उभी. पहिल्या धक्क्याला इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्या धक्क्याला धडधडलं. मी खूश होऊन आरशात बघितलं तर तुम्ही दिसेनात. मला वाटलं, चप्पल निसटली असेल, वाकला असाल. इंजिन परत बंद पडू नये म्हणून मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसून राहिले. मंदा ओरडत पळत आली तेव्हा मला कळलं.

त्या गाडीचं थंडीतलं दुखणं काय कालचं होतं? दिवाळी सरली की सुरू. उन्हाळाभर शहाण्यासारखी चालायची, आणि गारठा पडला की चावी फिरवल्यावर नुसतं टक्! तुमचं उत्तर ठरलेलं, जुनी गाडी आहे, थंडीत असंच व्हायचं. माझ्या आईने शिवलेली गोधडी तुम्ही बॉनेटवर घालायचात. मी पांघरायला मागितली की तुमचा जीव वरखाली व्हायचा! नवी बॅटरी आणलीत. तलासरीच्या गॅरेजवाल्याने दोनदा इंजिन फिरवणारा सेल्फ उतरवला आणि टेबलावर ठेवून बॅटरी जोडून बघितला. टेबलावर गरगर फिरायचा. गाडीत बसवला की परत टक्. एवढं डोळ्यांना दिसत होतं, तरी तुम्हा दोघांना वाटलं नाही की दुखणं सेल्फमध्ये नसेल? तुम्ही थंडीला शिव्या दिल्यात आणि घरी आलात.

आणि मी सांगितलं नव्हतं? इंजिन बंद करायला डॅशबोर्डखालची मूठ ओढतात ना, तिला एकदा माझा हात लागला आणि चटका बसला. इंजिन चालूच झालेलं नाही, काचेवर दव साचलंय, आणि ती मूठ तापलेली! मी म्हटलं, अहो, हे काहीतरी वेगळं आहे. तर तुम्ही हसून म्हणालात, "बरंय की, हात शेकून घे."

हात शेकून घे म्हणे! हे आज आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली.

कारण आता मला थोडं कळतं. तुमच्यामागे चिकूच्या वाडीतला पंप मीच सांभाळते. मागे त्याच्या पेटीतली एक वायर तापून काळी पडली, तेव्हा वायरमनला शेजारी बसवून सगळं समजून घेतलं. करंटला जाड वायरमधून जाता आलं नाही, की तो मिळेल त्या बारीक तारेतून घुसतो आणि तिला तापवतो. हे एवढंच. तुम्ही कुणाला तरी विचारलं असतंत तर तुम्हालाही कळलं असतं.

परवा भाऊजींचा फोन आला. जीप दिवाळीपर्यंत वापरली, आता बॅटरी चार्ज करूनही चालू होत नाही, भंगारात काढतोय, दादाच्या नावावर आहे, तुमची सही लागेल, या. त्या खळ्यात मी तेव्हापासून पाऊल ठेवलं नव्हतं. आज गेले. वापीचा भंगारवाला टेम्पो घेऊन आधीच हजर. "बेन, चावी आपो ने," म्हणत चावी मागायला माझ्यामागे लागला. मी म्हटलं, थांब रे बाबा, एकदा मला बसू दे.

चावी फिरवली. टक्. हेडलाइट लावून परत फिरवली. दिवे लख्ख, जरासुद्धा मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम होता, पण तो सेल्फला मिळत नव्हता. आणखी चार वेळा फिरवली आणि त्या मुठीला हात लावला. तापलेली! त्या मुठीची तार थेट इंजिनला जाते, करंट तिच्यातूनच वाट काढत होता.

मंदाला ट्रॅक्टरची जाड जोडवायर आणायला सांगितली. तिचं एक टोक बॅटरीच्या उण्या टोकाला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मंदाने चावी फिरवली मात्र, सेल्फ असा फिरला की भंगारवाला दोन पावलं मागे सरला. इंजिन चालू! मग पदर खोचून मी गाडीखाली शिरले. इंजिनपासून चासीच्या सांगाड्याला एक जाड विणलेली पट्टी जाते, अर्थिंगची. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून बॅटरीकडे परत जातो. तिचा बोल्ट खोलला. पट्टीच्या खाली काय होतं सांगू? रंग! तुमचा काळा रंग! थरावर थर!

दर दसऱ्याला तुम्ही त्या गाडीखाली शिरायचात. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात चासी गंजते, म्हणून रंग लावायचाच. बाकीचे लोक वरून ब्रश फिरवतात आणि मोकळे होतात. तुम्ही पडलात टापटिपीचे! एकेक पट्टी सोडवायची, खाली रंग द्यायचा, वाळला की त्या रंगावरच परत आवळायची. मग झेंडूचा हार, नारळ, आणि सगळ्या गावाला आव्हान, माझ्या गाडीला गंजाचा ठिपका दाखवा! गंज नाही आला, खरंय. करंटची वाटही तुम्हीच रंगवून बंद केलीत. उन्हाळ्यात ऑइल पातळ, इंजिन हलकं, थोडक्यात भागायचं. थंडीत ऑइल घट्ट झालं की सेल्फला करंट जास्त लागायचा, आणि तेवढा त्या रंगातून जायचा नाही. एवढंच होतं तुमचं ते थंडीचं दुखणं. एका बोल्टाखालचा रंगाचा पापुद्रा, आणि त्याच्यापायी तुम्ही गेलात? मला किती राग आलाय हे तुम्हाला कळतंय का?

विळ्याने रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, जोडवायर काढून टाकली. चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

भाऊजी ओट्यावरून सगळं बघत होते. त्यांना खाली बोलावलं, म्हटलं, आता तुम्ही फिरवा. त्यांनी फिरवली. बंद करून परत फिरवली.  मंदा त्यांना म्हणाली, "आता तरी ताईंना सांगा." तेव्हा ते बोलले.

"दादाने मला हाक मारली होती, वहिनी. ये, जरा हात लाव म्हणाला. मी इथेच ओट्यावर होतो. म्हटलं, चहा संपवून येतो."

चहा! माणूस चहा पीत बसला, आणि दोन वर्षं माझ्या पायाचा हिशेब मागत फिरला! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. भंगारवाला न सांगता टेम्पो घेऊन निघून गेला, एवढ्यावरून ओळखा. भाऊजी रडले. मंदाही रडली. मी नाही रडले. त्यांना माफ केलंय असंही समजू नका, अजून केलेलं नाही.

आणि तुम्ही हो? कपभर चहा संपेपर्यंत थांबवलं नाही तुम्हाला? कुठे आग लागली होती? चिकू काय झाडावरून पळून जाणार होते?

पहिल्या धक्क्याला इंजिन बंद पडलं ते गारठ्याने. ते खोकलं, म्हणजे चाकांनी ते फिरवलं होतं, म्हणजे क्लच मी वेळेवर सोडला होता. तुम्ही मागेच होतात, तुम्हाला ते कळलं असणार. मग एकदा, फक्त एकदा, स्वप्नात येऊन सांगता आलं नाही? तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते मी.

असो. जीप मी आशागडला घेऊन आलेय. वाटेतल्या ओहोळात चिखल होता, तेव्हा छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर दिला आणि मुकाट्याने पार झाले. येत्या रविवारी भाऊजी भावकीला बोलावून, मला सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत. तसं कबूल केलंय त्यांनी. पण त्यांनी शब्द फिरवला, तर ऐकून ठेवा: उधव्यापासून वाणगावपर्यंत, जिथे जिथे कुणी माझ्याकडे बघून आवाज खाली आणला, त्या प्रत्येक दारात ही जीप नेऊन उभी करीन, इंजिन बंद करीन, आणि "फिरवा" म्हणून चावी त्यांच्या हातात देईन.

तुमची,
कुसुम