छपराचा अर्धा इंच

बेल गार्डन्स, कॅलिफोर्निया
९ एप्रिल २००४

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. लिंबाला यंदा इतकी फळं धरलीत की पिशवी घेऊन निघाले की शेजारी दार लावून घेतात. ऑपरेशननंतर तू चालायला लागलास हे वाचून बरं वाटलं. डोनट सोडलेस यावर मात्र माझा विश्वास नाही.

आता गाडीचं. आपली छत्तीस सालची फोर्ड पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडणार, छान. पण तू लिहितोस, ‘त्याआधी छप्पर सरळ करून घेतोय. तुझा तो अर्धा इंच पंचावन्न वर्षं मिरवला, आता पुरे.’ आणि फोटोतल्या पाटीवर लिहिलंय, ‘बांधणी : व्हर्लिन टॅकेट’.

व्हर्लिन, त्या छपराला हात लावायचा नाही.

मी सतरा वर्षांची होते, तू सोळाचा. छप्पर चार इंच खाली आणायचं म्हणून आपण ते तोलणारे काचांमधले खांब कापले, डावे तू आणि उजवे मी. जोडलं तेव्हा उजवी बाजू अर्धा इंच खाली बसलेली. तुझ्या मोटारींच्या क्लबातली पोरं नुसती लोळली. ‘काय रे, गाडीला लकवा मारला का?’ आणि तो लांबोडका डेल्बर्ट, ‘बहिणीला झगा बेतायला द्यावा, गाडी नाही!’ तू हसलास. मीही हसले. त्याच पोरांच्या अकरा जाकिटांवर क्लबाचं नाव मी भरून दिलं होतं. बारावं शिवलं नाही, कारण मुलींना क्लबात घेत नसत.

सांध्यांत शिसं भरणं तुला कधी जमलं का रे? लाकडी थापीला चरबी लावायची, शिसं मऊ होईतो गॅसची ज्योत धरायची आणि ओघळायच्या आत पसरवायचं. तुझं प्रत्येक वेळी जमिनीवर. त्या गाडीचा एकूण एक सांधा माझ्या हातचा आहे. तो जळक्या रंगाचा आणि चरबीचा वास अजून आठवला की मला भूक लागते. शनिवारी दुपारी बर्गरच्या गाड्यावर आपण ती उभी केली की माना वळायच्या, त्या वाकड्या छपरासकट.

आणि वाकडी बाजू माझी नव्हती. मी आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं होतं. तू मोजलंस पपांच्या घडीच्या लाकडी पट्टीने, आणि तिचा पहिला अर्धा इंच तुटलेला होता. चारच्या खुणेवर तू रेघ मारलीस, कापले गेले साडेतीन. माझी बाजू खाली नाही, तुझी वर आहे.

हे मला त्याच दुपारी कळलं होतं. का बोलले नाही ते सांगते. कॉफी टाकून येते आधी.

आले.

पट्टी कशी तुटली ते तुझ्या बोटांना ठाऊक आहे. पपांच्या वेल्डिंगच्या दुकानात गॅसची टाकी रिकामी निघाली. ‘कुणी संपवली?’ तू म्हणालास, ‘मला माहीत नाही, पपा.’ तिसऱ्या फटक्याला पट्टीचं पितळ बसवलेलं टोक उडून माझ्या बुटापाशी पडलं. मी दारात उभी होते.

टाकी मी संपवली होती, व्हर्लिन. तुम्हा पोरांसमोर फजिती नको म्हणून आठवडाभर भंगारातल्या पत्र्यावर सांधे जोडायचा सराव केला होता. एक शब्द बोलले असते तर ते थांबले असते. मी त्या टोकावर पाय ठेवला आणि गप्प राहिले.

पुढच्या आठवड्यात सुजलेल्या बोटांनी तू तीच पट्टी उचललीस. ‘अरे, ती तुटकी आहे’ म्हणायचं तर तो दिवस पुन्हा काढावा लागला असता. म्हणून अर्धा इंच मी माझ्या नावावर घेतला. प्रत्येक नाताळात, प्रत्येक लग्नात, माझ्या पोरांसमोरसुद्धा तुम्ही तो उगाळलात आणि मी हसत राहिले.

आता नाही हसणार. टाकीची माफी मागते, अगदी मनापासून. पंचावन्न वर्षं उशीर झाला हे मला कळतं. छपराची माफी मागणार नाही. उजवी बाजू वर उचलायची नाही, डावी खाली आणायची नाही. त्या दोन्ही आपण बांधल्या, तशाच राहतील. पाटीवर दोन नावं घाल. नाही घातलीस तर मी घडीची खुर्ची घेऊन येईन, गाडीशेजारी बसेन आणि येईल त्याला सगळं सांगेन. तू मला ओळखतोस.

पाकिटात कापसात गुंडाळलेलं पितळी टोक आहे. इतकी वर्षं माझ्या सुयांच्या डबीत होतं. पपांची पट्टी तुझ्याकडेच आहे, लावून बघ.

पाटीवर माझं सासरचं आडनाव नको. शिसं भरलं तेव्हा मी टॅकेटच होते.

तुझी थोरली,
जिने चार इंच म्हणजे चारच इंच कापले ती,
ओलेटा टॅकेट