पॅरोल म्हणजे दिलेला शब्द

कळंबा जेल, १२ मार्च १९९८

चिरंजीव पवित्रा,
अप्पाचा हात डोक्यावर हाय असं समज. मी बरा हाय. तुझ्या अव्वाचा खोकला गेला काय?

तू पॅरोलचा अर्थ विचारलास. इथं इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "मूळ शब्द फ्रेंच. अर्थ, दिलेला शब्द. पूर्वी धरलेला सैनिक शब्द द्यायचा, मग त्याला सोडायचे."

ताईच्या लग्नाला मला पॅरोल मिळालाय. 'आल्यावर परत जाऊ नका,' असं तू लिहिलंस. पोरी, परत यायचा शब्द दिलाय मी. तेवढं सोडून काय बी माग.

मागं तुझ्यादेखत पोलिसांनी मला नेलं. ह्या वेळी माझ्या पायानं जाईन. दारात उभी राहून बघ.

तुझा,
अप्पा