खाडीवरचं मौनी स्नान

रामघाट, काशी
२९ डिसेंबर १९९५

चि. बिंदुमाधवास आशीर्वाद.

तुझ्या भरवशावर नवरा पाठवला आणि तू त्यांना चिखलात एकटं सोडलंस! भाऊ म्हणवतोस? यांचं चार पानी पत्र आलं. साडेतीन पानं नुसते पक्षी, लांब चोचीचे, वाकड्या चोचीचे. शेवटी एक ओळ, की अमावास्येला सकाळी वाळूच्या दांड्यावर जपाला बसलो, डोळे उघडले तर पाणी छातीशी, मजा आली. शेजारची आनंदी वाचून दाखवत होती, तिनं ती ओळ दोनदा वाचली.

अरे, हे गंगेवरचे. इथे सकाळी ज्या पायरीवर लोटा ठेवला तो दुपारी तिथेच सापडतो. मागून येणारं पाणी यांना काय ठाऊक? पांढरे पक्षी थंडीत आपल्या घाटावरही येतात, नावेतून शेव टाकली की झुंबड. पण यांना राखीव खाडीच बघायची! तू तिथला रखवालदार ना? मग राखलंस काय? खरं ते लिही.

अंबिकाताई


खाडीवरची चौकी, कोकण
५ जानेवारी १९९६

ती. ताईस शि. सा. न.

रागावलीस ते बरोबरच. भावजींना मी बजावलं होतं, की चरणारे पक्षी उठले की भरती लागली समजा, आपणही उठा. पण डोळे मिटून बसलेल्याला पक्षी दिसणार कसे? मी होडी घातली आणि ओढून काढलं.

आता लपवत नाही. वीस तारखेला मौनी अमावास्या. नदी-समुद्राचा संगम आहे, स्नान त्याच दांड्यावर करणार म्हणतात. त्या दिवशी उधाण, आणि माझी पक्षीगणतीची पाळी खाडीच्या दुसऱ्या टोकाला. काही बोललो की गंगेपलीकडच्या रामनगरपर्यंत पोहत गेल्याचं ऐकवतात. तूच लिही. तुझी भावजय विद्युल्लता नमस्कार सांगते. तुझी माया असू दे.

तुझा बिंदू


रामघाट, काशी
११ जानेवारी १९९६

चि. बिंदूस आशीर्वाद.

मीच लिहू? पंचवीस वर्षं बोलतेय, कधी ऐकलं? आणि मौनीला स्नान होईतो हे तोंड उघडत नाहीत, ते विसरलास? एका वर्षी घाटावर पायात काच घुसली, रक्ताची धार, तरी हूं नाही की चूं नाही. पाणी गळ्याशी आलं तरी हाक मारणार नाहीत रे! रामनगरला पोहले ते विसाव्या वर्षी, आता बावन्न. चिखलानं पाय धरले तर पोहतील कशानं?

स्नान सोडा म्हटलं तर हट्टाला पेटतील. ते म्हणू नकोस. संगमाचं पाणी होडीत बसूनही अंगावर घेता येतं. गणतीला दुसरा कोणी पाठव, तू यांच्याजवळ बस. हातात पूजेची घंटा दे. मौन तोंडाचं असतं, हाताचं नाही.

गुरुवार, अठरा तारखेच्या आत मला तार पाहिजे. होडीत, मी सोबत, एवढंच लिही. नाही आली तर मौनीला मी गंगेवर जाणार नाही, दारातच बसून राहीन. विद्युल्लतेला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तार हातात पडल्यावर. अठरा तारीख!

ताई