विष्णुपंतांनी गयेत काय सोडलं

बालाजी घाट, काशी. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, संध्याकाळ.

रामनगरचं वांगं भाजून भरीत केलं. मीठ मुद्दाम कमी घातलं. पहिल्या घासाला ‘मीठ कमी आहे, मास्तर’ म्हणणं हा विष्णुपंतांचा वीस वर्षांचा हक्क. छावणीतल्या साहेबी हॉटेलात आम्ही चोरून कटलेट खाल्लं, तेव्हाही खानसाम्यादेखत हेच म्हणाले होते.

वडिलांचं श्राद्ध करून आज ते गयेहून परतले. तिथे आवडीचं काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं असतं. लबाड लोक कारलं सोडतात. मी हसत विचारलं, "कारलंच सोडलंत ना?"

ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "सगळ्यात आवडतं ते सोडायचं होतं. तुमच्याबरोबर जेवणं सोडलं."

"अहो, वांगं सोडायचं."

"वांगं एवढं आवडत नाही, मास्तर."

आणि गेले.

मला का नाही विचारलं? ही वारल्यापासून मी चूल पेटवतो ती या एका माणसासाठी. वडील त्यांचे, पुण्य त्यांचं, मग उपास माझा का? उद्या कुणासाठी रांधू? परवा?

भरीत एकट्यानं खाल्लं. मीठ कमीच होतं. वरून घ्यायला हात उचलला नाही.