मोभावरच्या फलकाची वाटणी

मी, धाकलू भागा हरड, वय त्रेसष्ट, धंदा भातशेती आणि छपरांवर पत्रे बसवणे, राहणार मौजे पळसखोंडे, टोकावड्याच्या अलीकडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीतल्या दोन नळ्या तुंबल्या आहेत असे कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितले, पण नळ्यांचा आणि डोक्याचा संबंध नाही असेही तेच म्हणाले.

यापुढे 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे लिहायचे असते. मुरबाडच्या वकिलांनी नमुन्याचा कागद दिला, त्यात ते छापलेलेच आहे. मी ती ओळ मोकळी सोडतो. सहा महिने झाले, माझ्या ओट्यावर जो येतो तो दडपण घेऊनच येतो. सुरुवातीलाच खोटे लिहिले तर पुढच्या कलमांवर कोण विश्वास ठेवणार?

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

१. राहते घर, गोठा आणि अंगण माझी पत्नी रंभा हिच्याकडे ती असेपर्यंत राहील. तिच्यानंतर ते मुलगा दीपेश याचे. या घराचा पत्रा न पत्रा मी बसवला आहे. मे महिन्याच्या चक्रीवादळात एकही हलला नाही. गावाने हे पाहिले आणि आपापला अर्थ काढला: धाकलूने स्वतःचे घट्ट बसवले, गावाचे ढिले. हे वाक्य मी माझ्या कानांनी पाणवठ्यावर ऐकले आहे.

२. बँकेत जे काही आहे ते रंभाचे. म्हैसही तिचीच. म्हैस तशीही माझे ऐकत नाही.

३. शेत दीपेशचे, सातबाऱ्यावर आहे तेवढे, फक्त ओढ्याकडची पट्टी सोडून. पट्टी म्हणजे बैलजोडी कशीबशी वळेल एवढी जागा आणि तिच्यावर एक फणस. तिच्यावरून शेजारचा धर्मा देसले आणि मी अकरा वर्षे बोललो नाही. तो दरवर्षी बांध वीतभर माझ्याकडे सरकवायचा आणि मी दरवर्षी मोजणी आणण्याची धमकी द्यायचो. रस्त्यात समोरासमोर आलो की तो आभाळाकडे बघायचा, मी चपलेकडे. ती पट्टी, फणसासकट, मी धर्माची बायको वत्सला हिला देतो. धर्मा वादळाच्या दिवशी दुपारी समाजमंदिराच्या छपराखाली मेला. ते छप्पर मी बसवले होते.

४. या कलमात द्यायचे काही नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमच्या गावातून समुद्र बघायचा तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. चक्रीवादळ इथवर येईल असे कोणाला वाटले नाही. २८ मे रोजी ते आले. कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, शाळेमागचा आंबा मुळासकट उपटला. समाजमंदिर पक्के, म्हणून माणसे तिकडे पळाली. तासाभरात तिथले छप्पर मोभापासून, म्हणजे माथ्याच्या आडव्या तुळईपासून, उचकटले आणि छप्पर तोलणारी लोखंडी कैची खाली आली. तिघे गेले.

तेरावेसुद्धा झाले नव्हते आणि लोक वादळाचे बोलायचे थांबले. समाजमंदिर कोणाचे, एवढाच विषय उरला. ते बांधले तेव्हा दोन मोठ्या साहेबांचा निधी लागला होता. तेव्हा दोघे एका युतीत होते आणि फलकावर कोणाचे नाव वर घ्यायचे यावरून रंगाऱ्याने तो फलक तीनदा पुसला होता. मी त्यांना इथे वरचे नाव आणि खालचे नाव एवढेच म्हणतो. आता दोघे समोरासमोर आहेत. वरचे नाव म्हणाले, ठेकेदार त्यांचा होता. खालचे नाव म्हणाले, नारळ कोणी फोडला ते बघा. टीव्हीवर चार माणसे आमच्या गावाचे नाव चार तऱ्हेने चुकीचे घेत भांडली. विधानसभेत प्रश्न झाला. शेवटी दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले आणि ते पेपरात छापून आले: 'स्थानिक कारागिराची हलगर्जी.' तो कारागीर मी.

तेव्हापासून मी घरात आहे. धसईच्या बाजाराला गेलो नाही, दाढी घरीच करतो. वरच्या नावाची माणसे येतात आणि सांगतात, "काका, हुक कमी पडले एवढं कबूल करा. दीपेशचं आमी बघतो." दीपेश त्यांच्याच खडी क्रशरवर सुपरवायझर आहे, म्हणजे त्याचे ते आधीच बघत आहेत. खालच्या नावाची माणसे येतात आणि सांगतात, "हुक हलके दिले असं बोला, वरच्यांनी दिले." पत्रे कैचीला आवळून धरणारे ते हुक हलके नव्हते. मी स्वतः पारखून घेतले होते. चौकशी समितीने मला तीनदा बोलावले आणि तीनदा तारीख पुढे ढकलली.

दीपेशला विचारले तर तो म्हणाला, "बाबा, तुमी बोलले तर माझी नोकरी जाईल, नाय बोलले तर तुमी जाल. मी काय सांगू?" रंभा म्हणते, "खुडूक कोंबडीसारखे बसलेत कोपऱ्यात. अंडं तरी हाय का खाली?" तिला ठाऊक होते, खाली काय आहे ते. ते कलम ६ मध्ये येईल.

५. हत्यारे: ड्रिल मशीन, पान्यांची पेटी, ओळंबा आणि सुताची दोरी जगनला. तीस वर्षे त्याने माझी शिडी धरली, एकदाही हलू दिली नाही. खुद्द शिडी मात्र किशोरला द्यावी. तो समाजमंदिर झाले तेव्हा सरपंच होता. त्याने एकदा चढून मोभावर वारा कसा लागतो ते बघावे. खाली शिडी धरायला कोणी मिळाले तर.

६. समाजमंदिराचा फलक. अठरा फूट लांब, चार फूट उंच, अँगलच्या चौकटीवर पत्रा. तो वादळात कुठे गेला हे कोणाला कळले नाही असे समितीच्या कागदात लिहिले आहे. कोणी शोधलाही नाही. ज्या फलकासाठी तीनदा रंग आला, तो आता कोणाचाच नाही. तो माझ्या गोठ्यात पेंढ्याखाली आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो भिंतीवर लावायचे ठरले होते. किशोर आला आणि म्हणाला, "भिंतीवर नको रे. मोभावर चढव. माळशेजच्या एस.टी.त बसलेल्या मानसाला पन वाचता आला पायजे."

मी म्हटले, "वारा भरेल त्यात."

"पतंग हाय का तो?" असे म्हणून तो हसला, बरोबरची माणसे हसली, आणि खरे सांगतो, मीही थोडा हसलो.

फलकासाठी नवी भोके पाडायला हवी होती. पण नवे भोक गळते, आणि साहेबांच्या डोक्यावर पाणी पडले असते तर माझे नाव गेले असते. म्हणून मोभाजवळचे चौदा हुक मी काढले आणि त्याच भोकांतून फलकाचे बोल्ट घातले. म्हणजे तिथले पत्रे कैचीला धरलेले राहिले नाहीत, फलकाला धरलेले राहिले. "हुक नंतर बसवू," असे मी जगनला म्हणालो. उद्घाटन झाले, जेवणे झाली, मला शाल मिळाली. हुक अजून माझ्या पेटीत आहेत, चौदाच्या चौदा.

फलक वाऱ्याने उचलला आणि फलकाने छप्पर उचलले. दुसऱ्या दिवशी तो ओढ्याकडच्या पट्टीवर, फणसाला टेकून पडलेला मला दिसला. बोल्टांखाली पत्र्याचे तुकडे अजून तसेच आहेत, दोन्ही नावेही तशीच आहेत. जगनने आणि मी तो उचलून आणला. तिकडे धर्माला तिरडीवर ठेवत होते आणि आम्ही पेंढा टाकत होतो.

तो बाहेर आला तर किशोर अडकतो, दोन्ही साहेब अडकतात, दीपेशची भाकर जाते, आणि सगळ्यांत आधी मी अडकतो. नाही आला तर मी एकटाच दोषी, आणि माझी खरी चूक कोणाला कळतच नाही. या दोन्हींच्या मध्ये मी सहा महिने बसून आहे. म्हणून माझ्या मृत्यूनंतर हा फलक दीपेशने चार माणसांसमक्ष चौकशी समितीला द्यावा. जिवंतपणी हे करायची माझी हिंमत नाही. लिहिताना लाज वाटते, पण तेच खरे आहे.

लिहिले, पळसखोंडे, दिनांक २१ नोव्हेंबर २०२५. दोन साक्षीदार मिळाल्यावर सही करीन.

दुरुस्ती, दिनांक २४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार मिळेनात. धाकलूच्या कागदावर सही म्हणजे उद्या आपल्याही ओट्यावर माणसे येणार, असे प्रत्येकाला वाटते. एकटा जगन तयार झाला. तेव्हा रंभाने मला न विचारता वत्सलाला बोलावून आणले.

ती अंगणात उभी राहिली, ओट्यावर आली नाही. रंभा म्हणाली, "वाचा तिला." मी वाचले. सहावे कलम सुरू झाले तशी ती खाली मातीत बसली. वाचून संपवल्यावर मी म्हटले, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात, तेव्हा पट्टी घे, साक्षीदार मी दुसरा बघतो.

"पट्टी नको," ती म्हणाली. "पट्टी तुमचीच होती. हे खोटं भांडत होते, मला ठावं होतं. मी साक्षीदार व्हनार."

मग म्हणाली, "पन भावोजी, हे गेले तवा तुमी जितेच होते ना? मग बोलाला मरायची वाट कशाला बघता? आदी फलक बाहेर काढा. मग माजी सही."

तिने मला माफ केले असे कोणी समजू नये. तिने तसे म्हटले नाही आणि मी विचारले नाही.

जगनने आणि मी पेंढा बाजूला केला. फलक अंगणात आणून रस्त्याकडे तोंड करून भिंतीला उभा केला आणि पेटीतले चौदा हुक त्याच्यापुढे ओळीने मांडले. टोकावड्याकडे जाणारी एस.टी. थांबली, माणसे खिडक्यांतून वाचू लागली. किशोरला हवे होते तसेच झाले. समितीला फोन मी स्वतः केला.

दीपेश संध्याकाळी कामावरून आला. गाडी बंद करून तिच्यावरच बसून फलकाकडे बघत राहिला. मला वाटले, आता हा बोलेल आणि मला ऐकावे लागेल. तो उतरला, फलकाचा एक कोपरा डगमगत होता त्याखाली त्याने दगड सरकवला आणि हातपाय धुवायला गेला.

म्हणून पुढील बदल. कलम ३ मधील पट्टी दीपेशकडे राहील, फणस मात्र दरवर्षी देसल्यांच्या घरी पोचवावेत. कलम ५ मधील हत्यारे आजच जगनच्या हातात दिली, कारण तोही साक्षीदार आहे. शिडी किशोरलाच. कलम ६ रद्द, ते काम माझ्या हयातीत झाले.

आणि वर मोकळी सोडलेली ओळ इथे भरतो:

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय केले आहे.

सही: धाकलू भागा हरड

यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. फलक आम्ही पाहिला, हुक मोजले, चौदा आहेत.

साक्षीदार १: जगन बाळू भोईर, शिडी धरणारा
साक्षीदार २: वत्सला धर्मा देसले

ठिकाण: पळसखोंडे, हरडांचे अंगण, रस्त्याच्या बाजूने
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५