पाणी वाढलंय

आई, गेले काही दिवस मला घरात बसवत नाही. चहा टाकते आणि विसरते, वर्तमानपत्राचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचते, गॅलरीत जाते आणि कशाला आले होते तेच आठवत नाही. तुझ्या जावयांनी काल शेवटी विचारलंच, "अगं, काही हरवलंय का तुझं?" हरवलं काही नाही. एक शब्द तोंडातून निसटलाय आणि तो तुझा आहे. म्हणून तुलाच लिहायला बसले. भांडायला बसले असं म्हण हवं तर.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत शिकवत होते, एवढंच तुला ठाऊक. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जुन्या शिक्षिकांनी वेगळाच उद्योग काढला. शाळाशाळांत जायचं आणि शाळा जरा शहाणपणाने चालवायला मदत करायची. डब्यातलं उरलंसुरलं कचऱ्याच्या गाडीत न घालता त्याचं खत करायचं, गळक्या नळाखाली बादली ठेवून मुलांनाच दाखवायचं किती पाणी वाया जातं, छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत कसं मुरवायचं ते शिकवायचं. हे ऐकून तू पदराने तोंड पुसत म्हणाली असतीस, "हे शिकवायला माणसं लागतात होय आता?" लागतात, आई. शिक्षकांनाही शिकवावं लागतं, आणि ते समोर बसून मोबाइल बघत असतात.

तर तुझा शब्द. आपल्या स्वयंपाकघरात 'संपलं' म्हणायची सोय नव्हती. मी लहान असताना शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, तेव्हा मी दारातूनच ठणकावून सांगितलं होतं, "आमच्याकडची साखर संपलीय!" तू मला दंडाला धरून आत ओढलंस. "संपली काय संपली? भरल्या घरात असं बोलतात? वाढली म्हणावं." मी म्हटलं, वाढली तर डबा रिकामा कसा? "शहाणपणा पुरे. पिशवी घे आणि वाण्याकडे जा." तेल वाढायचं, मीठ वाढायचं, बांगडी फुटली तरी ती वाढायची. घराबाहेर पडताना 'जाते' म्हटलं की तू पुन्हा आत बोलवायचीस आणि 'येते' म्हणायला लावायचीस. मंडईतल्या भाजीवालीलाही तू एकदा सुनावलं होतंस. ती म्हणाली, मेथी संपली बाई. तू म्हणालीस, उद्या येईल म्हण, संपली कशाला म्हणतेस. ती तुझ्याकडे बघतच राहिली आणि मी लाजेने दुसऱ्या गाळ्याकडे तोंड फिरवलं.

तू शिकवायचीस त्या शाळेतली गोष्ट तर तू स्वतःच रंगवून सांगायचीस. नवा शिपाई रुजू झालाय, बिचारा परप्रांतातला, मराठी नुकतंच शिकतोय. तू त्याला सांगतेस, "अहो, टाकीतलं पाणी वाढलंय, जरा बघा." तो धावत जातो आणि टाकी भरून वाहायला नको म्हणून नगरपालिकेच्या नळाचा कॉक घट्ट बंद करतो. मधल्या सुट्टीत सगळी शाळा कोरड्या नळापुढे उभी. हेडमास्तर तुला म्हणतात, "बाई, घरची भाषा घरी ठेवत चला." तू हे हसत हसत सांगायचीस, पण तुला राग आला होता. "मी बरोबरच बोलले होते," असं तू पोळ्या लाटताना कितीतरी दिवस म्हणत होतीस.

आता माझी कर्मकथा ऐक. वारज्याच्या एका शाळेत आम्ही वर्षभर जातोय. इमारत चांगली, मुलं गोड, पण आवारातलं बोअर आटलंय. मोटार कोरडी फिरून जळाली, नवी बसवली, तीही नुसती घरघर करते. टँकर मागच्या फाटकाने येतो, मुलं यायच्या आत. बोअरशेजारी मोठा खड्डा घ्यायचा, त्यात दगडगोटे आणि वाळू भरायची आणि छतावरचं पाणी त्यात सोडायचं, असं आम्ही ठरवलं. सातवीच्या मुलांनी चुन्याने जागा आखूनही ठेवली. खर्चाला पालकांची संमती हवी म्हणून पालकसभा होती. सभेआधी मुख्याध्यापिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, ॲडमिशनचे दिवस आहेत. आटलं, संपलं असलं काही बोलू नका. पालक लगेच दुसरीकडे चौकशी करतात. जरा पॉझिटिव्ह ठेवा."

मी माइक घेऊन उभी राहिले. आटलं म्हणायचं नाही, संपलं म्हणायचं नाही. दोन्ही दारं बंद. मी शब्द शोधत होते, आणि माझ्याही नकळत तू माझ्या तोंडून बोललीस, "तर, आपल्या शाळेच्या बोअरचं पाणी वाढलंय." पुढचं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतला एक तरुण बाबा "ग्रेट वर्क, मॅम!" म्हणून ओरडला. संस्थेचे अध्यक्ष खुर्चीतून उठले. "बघा, प्रयत्नांना यश येतं ते असं! आता पाणी आहे म्हटल्यावर पुढच्या मोकळ्या जागेत लॉन करून टाकू. पर्यावरणवाली शाळा म्हणजे हिरवी दिसायला नको का?" पुन्हा टाळ्या. खड्डा राहिला बाजूलाच.

तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात वाद घालतेय. तू आम्हाला हे काय शिकवलंस? नद्या आटल्या, टेकड्या फोडल्या, आणि आम्ही मात्र अशुभ बोलू नये म्हणून तोंडावर हात ठेवून बसलोय. एवढं बोलून झालं की मला तुझी ती पिशवी आठवते. तू 'वाढलं' म्हणालीस की कुणीतरी उठायचं, चपला घालायच्या, वाण्याकडे जायचं. तुझा शब्द खोटा नव्हता, त्याच्यामागे लगेच काम असायचं. आमच्याकडे नुसता शब्द उरलाय. एवढं कळलं तरी मन शांत होत नाही, उलट जास्तच चिडचिड होते, कारण मग तुझ्यावर राग काढायचीही सोय राहत नाही.

काल शाळेत गेले. लाल मातीचा ट्रक रिकामा होत होता, बरोब्बर मुलांनी चुन्याने आखलेल्या जागेवर. मी तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले.

"बाई, मी सभेत चुकीचं बोलले. बोअरला पाणी नाहीये."

"ठाऊक आहे. टँकरवाल्याला रोज फोन मीच करते."

"मला 'संपलं' म्हणायचं होतं."

"तेही कळलं. माझ्या सासूबाई असंच म्हणायच्या. डाळ वाढली, गूळ वाढला. हॉलमध्ये तुमचं मराठी समजलेली मी एकटीच असेन."

मला संताप आला. "मग तुम्ही का नाही उठून सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी इथे नोकरी करते, बाई. तुम्ही स्वखुशीने येता. माइक तुमच्या हातात होता. तुम्हाला कोणाची भीती होती?"

मी म्हणाले, गोंधळले हो. त्या "हं" म्हणाल्या. मग खिडकीतून त्या मातीच्या ढिगाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लॉनचं काम थांबवते मी, दोनचार दिवस. अध्यक्षांचं काय ऐकायचं ते ऐकीन. उद्या पालकांना परत बोलावलंय म्हणून कळवते. पण बोलायचं तुम्ही. आणि ह्या वेळी जरा क्रमिक पुस्तकातलं मराठी बोला."

ती सभा आज संध्याकाळी आहे. सकाळपासून मी घरभर फिरत 'संपलं, संपलं' असं घोकतेय, आणि तुझे जावई काळजीने बघतायत. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिता तरी येतंय.

बाईंना मी खरं सांगितलं नाही. मी गोंधळले नव्हते, आई. पहिली टाळी वाजली तेव्हाच लोकांनी काय अर्थ घेतला ते मला कळलं होतं. पण इतकी वर्षं मी कचऱ्यावर बोलते, पाण्यावर बोलते, आणि लोक जांभया देतात, घड्याळ बघतात. त्या दिवशी भरलेला हॉल पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता. मी माइक तसाच हातात धरून हसत उभी राहिले. मला ते फार आवडलं.